लग्नाला चर्च हवं

दाढ सुजल्यामुळे म्हाताऱ्या ड्रायव्हरला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. दातांच्या दवाखान्यात त्याच्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या घटस्फोटित मुलीचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि ते लावायला चर्च मिळत नव्हतं.

“‘पवित्रता मंडळी’त विचारलंस?”

“ताई, मी पाटी वाचूनच परत फिरले. तिथे लिपस्टिक लावली तरी पश्चात्ताप करायला लावतात.”

“मग ‘पूर्ण सुवार्ता’?”

“ते म्हणतात, तिचा तान्हेपणीचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, आधी तिला पाण्यात बुडवू. म्हणजे इतकी वर्षं आपली सुवार्ता अर्धीच होती!”

“बरं, ‘कृपा मंडळी’ तरी? कृपा काय लायकी बघून मिळते?”

“पाटीवर नाही बघत. आत गेल्यावर पाळक म्हणाले, पहिला नवरा जिवंत आहे तोवर अवघड आहे.”

“मग काय त्याला मारायचं?”

“हळू बोल गं! आणि आपलं चर्च? प्रेसबिटेरियन म्हणजे वडीलजनांचा कारभार, हे लहानपणापासून ऐकतोय. पाळक बिचारे तयार होते. काल वडीलजनांनी हात वर करून नाही म्हटलं.”

“अगोबाई.”

“ताई, त्या वडीलजनांत भावोजी बसतात. त्यांचा हात वर होता का?”

नर्सने ड्रायव्हरला आत बोलावलं. त्याने दुसऱ्या पेशंटला पुढे जायची खूण केली.

“ताई, मी काय विचारतेय?”

“अगं, ‘बेथेल’ला विचारलंस का? बेथेल म्हणजे देवाचं घर. ते नाही म्हणणार नाहीत.”