बटण सोडलं तरी राहिलेली ज्योत

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या सोसायटीच्या छपराखाली ही बेकरी चालते ते आदरणीय सावळीरामअण्णा. निफाडहून द्राक्षांच्या ऐन धावपळीत वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या मनीषाताई. व्यासपीठावरची संचालक मंडळी. आजच्या सत्कारमूर्ती, ही बेकरी उभी करणाऱ्या सुवर्णाताई. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभ्या राहिलेल्या बेकरीतल्या माझ्या सगळ्या बहिणींनो,

मला बोलायला उभं केलं, हे सूत्रसंचालकांचं धाडस आहे. मी भिमाजी, मूळचा विंचूरचा. हातगाडीवर शेगड्या दुरुस्त करत या मखमलाबादच्या गल्ल्या फिरलो, आज अंबडला माझं ओव्हनचं छोटं वर्कशॉप आहे. शिक्षण बेताचं, पण देवानं कान चांगले दिले. ओव्हन काय म्हणतोय ते मला ऐकू येतं. दोन बायका कोपऱ्यात काय कुजबुजतात तेही ऐकू येतं. धंद्यात या दुसऱ्या ऐकण्याचाच उपयोग जास्त झाला.

ताईंचे गुण सांगायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. मी एकच प्रसंग सांगतो.

बेकरी नवी होती. अण्णांच्या सोसायटीनं हा हॉल दिला, पण अट घातली. अण्णा, रागावू नका, तुमचेच शब्द सांगतो. "दसऱ्याच्या मेळाव्याला सगळ्या सभासदांना पुरेल एवढी नानकटाई बायकांनी काढून दाखवावी. नाही निघाली तर जागा मंडपवाल्याला." मंडपवाला तेव्हा अण्णांच्या शेजारीच बसला होता. हसत होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि अवजाराला विश्रांती मिळते. ओव्हन धुऊन पुसून, बेकरीतल्याच झुंबरबाईंच्या मळ्यातल्या झेंडूची माळ घालून, बायकांनी साग्रसंगीत पूजा केली. दसऱ्याच्या सकाळी पीठ मळून तयार, ट्रे भरून तयार, आणि ओव्हन काही केल्या पेटेना.

मला फोन आला. गेलो. आता ओव्हन पेटत नसेल तर माणूस आधी काय करतो? ठोकतो! मी तसा नाही. आधी खिडक्या उघडल्या, साठलेला वास जाऊ दिला. त्याच सिलिंडरवरची शेगडी पेटवून पाहिली, ती झकास पेटली. म्हणजे सिलिंडर भरलेलं, रेग्युलेटर ठीक. नळी कुठं दबलेली नाही. मग ओव्हनचं बटण दाबून कान लावला. ठिणगीची टकटक स्पष्ट. पण गॅसचा आवाज? मोकळ्या गळ्याचा असायला हवा, तो होता दम्याच्या माणसासारखा. म्हणजे अडथळा पायलटमध्ये. मोठा बर्नर पेटवणारी जी छोटी ज्योत असते, तिला आम्ही पायलट म्हणतो.

मी विचारलं, "आत कुणी हात लावला का?"

"नाय बा," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. "आम्ही कशाला आत हात लावू?"

खोटं बोलत नव्हत्या हो! त्यांच्या दृष्टीनं खरंच कुणी हात लावला नव्हता. पण मी ओव्हनखाली वाकलो आणि मागून कुजबुज ऐकू आली.

"झुंबरे, तू आत लावलंस त्याचं सांग की."

"ते कुठं हात लावणं हाय? ती तर पूजा हाय."

मी तसाच वाकून राहिलो. म्हटलं, ऐकून तर घेऊ.

"मग पुसून टाक."

"वेडी का खुळी तू? देवाला लावलेलं दसऱ्याच्या दिशी पुसायचं? लय पाप लागंल!"

आता उलगडलं. झुंबरबाईंनी बाहेरून हळदीकुंकवाची पाच बोटं ओढून समाधान मानलं नव्हतं. जिथून आग निघते तिथंच खरा देव, म्हणून थेट पायलटच्या भोकाला ओली हळद लावली आणि शेजारच्या तांब्याच्या काडीला कुंकू. ती काडी म्हणजे सेन्सर. ज्योतीनं ती तापली तर गॅस चालू राहतो, नाही तापली तर आपोआप बंद होतो. आपला जीव राखणारी काडी ती. तिलाच कुंकवाचा लेप!

मी पुसायला फडकं काढलं, तर झुंबरबाई ओव्हनच्या आडव्या उभ्या. "भाऊ, तुमी हात लावू नका. जागा गेली तर गेली." डोळ्यांत पाणी. बाहेर मंडपवाला टेप घेऊन हॉलची मापं काढत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुवर्णाताई पीठ भरल्या हातानं पुढं आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "झुंबरबाई, घरी देव्हाऱ्यातल्या देवांना रोज आंघोळ घालतेस ना?"

"घालते की."

"कालचं गंध धुऊनच आजचं लावतेस ना?"

"...हा."

"मग या देवाची आंघोळ राहिलीय. तूच लावलंस, तूच काढ. आणि जागा जायची भाषा पुन्हा काढायची नाही. पीठ मळलंय आपण."

झुंबरबाईंनी आधी ओव्हनला नमस्कार केला. मी गॅस बंद केला. स्टोव्हच्या पिनेनं त्यांनी भोक मोकळं केलं, कोरड्या फडक्यानं काडी चकचकीत केली. मी गॅस पुन्हा सोडला, ताईंनी बटण दाबलं. ज्योत आली! सोडलं, गेली. पुन्हा वाट पाहिली, गॅस उडू दिला, पुन्हा दाबलं, सोडलं, गेली. मी म्हटलं, "ताई, घाई होतेय, काडी तापू द्या. धरून ठेवा." ताईंनी अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण धरलं. मग सोडलं. ज्योत राहिली. आणि मोठा बर्नर भक्कन पेटला.

संध्याकाळी मेळाव्यात नानकटाई पुरून उरली. मंडपवाल्यानंही खाल्ली. अण्णांनी किती खाल्ल्या, ते सांगत नाही.

पण एक घोळ राहिला. त्या दिवसापासून ओव्हन पेटवायचा तो ताईंनीच, असा बेकरीचा रिवाज पडला. झुंबरबाई पुसणार, सजवणार, पण बटणाला बोट लावणार नाहीत. "माझ्या हाताला यश नाय," म्हणायच्या. आणि आता ताई निघाल्या मालेगावला, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतल्या बायकांना घेऊन अशीच बेकरी उभी करायला. ही बातमी आली तेव्हा अण्णा मला म्हणाले होते, "भिमाजी, ताईंमागं चालेल का हे? जागेचं पुन्हा बघावं लागेल."

अण्णा, त्याचं उत्तर आज देतो.

आज सकाळी मला झुंबरबाईंचा फोन. "भाऊ, पेटत नाय. ताई यायला तयार नाय." मी ताईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "भिमाजीभाऊ, जायचं असेल तर जा. पण हात पाठीमागे बांधून." असा हुकूम मला माझ्या बायकोनंही कधी दिला नाही. गेलो, आणि दाराबाहेर उभा राहिलो. आत गेलो असतो तर हात सुटले असते.

नुसतं ऐकलं. खिडक्या उघडल्याचा आवाज. शेगडी पेटल्याचा. मग टकटक. ज्योत आली असावी, कारण सगळ्या "आली, आली" म्हणाल्या. मग गेली असावी, कारण सगळ्या गप्प. मग झुंबरबाईंचा आवाज, "सरका गं. घाई करू नका. तापू द्या तिला." बराच वेळ कुणाच्या बांगडीचाही आवाज नाही. आणि मग भक्क!

आत डोकावलो. ओव्हनच्या दारावर, बाहेरून बरं का, कुंकवाची ताजी बोटं होती.

मंडळी, तुमच्या बशीतली नानकटाई त्या ओव्हनची आहे. ताईंनी तिच्या पिठालाही हात लावलेला नाही. अण्णा, तुमची बशी रिकामी दिसतेय, तेव्हा जागेचा विषय संपला असं मी धरतो.

ताई, आज सकाळी तुम्ही आला नाहीत, याबद्दल या सगळ्यांच्या वतीनं तुमचे आभार. तुम्ही फार दिवस अंगठा दाबून धरलात. आता सोडा. ज्योत राहतेय.

सोसायटीनं मला हे व्यासपीठ दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, अण्णांची जरा जास्त चेष्टा झाली असेल, तर लहान भावाचं बोलणं समजून पोटात घाला. नानकटाईला मात्र नावं ठेवायची असतील तर झुंबरबाईंच्या तोंडावर ठेवा. त्या दाराशीच उभ्या आहेत.

नमस्कार.