सतरा दिवसांची फुलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आमच्या तंबाखू संशोधन केंद्राचे प्रमुख साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी मित्रांनो, माझ्यासोबत उन्हात वाकलेल्या मावश्यांनो, आणि 'थोडक्यात आवरा' अशी खूण आत्तापासूनच करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती,

माझ्याबद्दल जे चांगलं बोललं गेलं ते ऐकून वाटलं, हा कोण गृहस्थ, एकदा भेटलं पाहिजे. आभारी आहे. पण एकतीस वर्षं प्रयोगाचे प्लॉट सांभाळणाऱ्याने निवृत्त होताना प्लॉटबद्दल बोलू नये, हे कसं जमायचं?

पाहुण्यांसाठी सांगतो. तंबाखूत किंमत पानाला. कळी आली की शेंडा खुडायचा, नाहीतर झाडाने खाल्लेलं सगळं फुला-बियांत जातं आणि पान पातळ राहतं. खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात, तेही काढत राहायचं. आणि युरिया हात राखून द्यायचा. शेतकरी म्हणतो, जास्त टाकला की पान सुपाएवढं होतं. होतं ना. पण जाड, काळपट, उशिरा पिकणारं, धड न जळणारं. वजन मिळतं, प्रत जाते. मग खत किती आणि खुडणी कधी? त्यासाठी मी तीन वर्षांचा प्रयोग लावला. खताच्या चार मात्रा. अर्धे प्लॉट कळीला खुडायचे, अर्धे पूर्ण फुलल्यावर. दोन वर्षं उत्तर एकच आलं: खत मध्यम, खुडणी कळीला. तिसऱ्या वर्षी तेच आलं असतं तर शिफारस गावोगाव गेली असती.

यंदा कळ्या आल्या आणि साहेबांचा निरोप आला. बडे पाहुणे येणार आहेत, चार दिवस खुडू नका, फोटोत फुलं छान दिसतात. दौरा दोनदा पुढे गेला. चाराचे सतरा झाले, कळीला खुडायचे होते तेसुद्धा सगळे प्लॉट गुलाबी. पाहुणे (आजचे नव्हेत, ते वेगळे) म्हणाले, "वा, काय बाग फुलवलीय." बाग? अहो, माझ्या तिसऱ्या वर्षाचा सत्यानाश होता तो. शिफारशीला सलग तीन वर्षं लागतात, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून, आणि माझ्या जागेवर अजून कुणाची नेमणूकही नाही.

थोरल्या मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "दादा, आम्ही गुपचूप खुडतो. साहेबांना सांगा, गाय शिरली."

मी म्हटलं, "मावशी, तंबाखूला गाढव तोंड लावत नाही, गाय कुठली लावतेय?"

सगळ्या हसल्या, आणि मी ते हसण्यावारी नेलं. खरं सांगू? माझी पेन्शनची फाईल साहेबांच्या टेबलावर होती. मी घाबरलो. त्याची मला लाज वाटते.

आज सकाळी प्रयोगाचा अहवाल सहीला आला. प्रयोग वाया जाण्याचं कारण आधीच टाईप केलेलं: 'प्रतिकूल हवामान'. साहेब, रागावू नका, पण यंदाइतकं गुणी हवामान मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. ते खोडून मी लिहिलं, 'फुलं पाहुण्यांसाठी राखली. प्लॉट सांभाळणारा गप्प बसला.' खाली सही केली.

एवढा मान दिलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. त्या सतरा दिवसांचं मात्र घेऊ नका.