मधूचे गठ्ठे टाकू नका

बसा. मागच्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. हार पुरे झाले आता. मधूला फुलांच्या वासानं शिंका यायच्या.

आपल्या समाजाची मंडळी आलीत, मधूच्या ऑफिसची आलीत. बापानं लेकाच्या शोकसभेत उभं राहायचं. काय बोलायचं असतं? मला येत नाही. चौथी शिकलेला शिंपी मी. पण आज बोलायलाच पाहिजे. उद्या उशीर होईल.

मधू काय काम करायचा, ते समाजाला ठाऊक नाही. मलाही अर्धंच. ऑफिसात मोठं यंत्र आहे, कॉम्प्युटर. भोकं पाडलेली कार्डं घातली की ते हिशेब करतं. राजाजीनगरात एक कारखाना उभा राहतोय, त्याच्या छपराचा हिशेब मधू लिहीत होता. लोखंड किती, उतार किती. वर्षभर तेच.

त्यातले काही तुकडे तयार मिळतात. कपाटात कार्डांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. घ्यायचा, आपल्या कार्डांना जोडायचा. कोनाच्या हिशेबाचा असाच एक गठ्ठा. त्याचा नवा आला, जुनाही राहिला. नाव एकच. जुन्याला कोन अंशात द्यायचा, नव्याला दुसऱ्याच मापात. मी म्हटलं, वर चिठ्ठी लावा की, हा जुना, हा नवा. तर म्हणाला, "लावलीय अण्णा. पण घाईत ह्याची चिठ्ठी त्याला जाते."

म्हणून तो चिठ्ठी बघायचाच नाही. गठ्ठ्यालाच विचारायचा. उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न. तीस आकडा घालायचा. एकाचा अर्धा आला तर गठ्ठा जुना. भलतंच आलं तर नवा. मग त्याप्रमाणे आपली कार्डं लावायची, आणि मगच पुढं जायचं. प्रत्येक वेळी. काल विचारलं असलं तरी आज परत.

मला ते पटलं. गिऱ्हाईक म्हणतं, गेल्या दिवाळीचंच माप धरा. मी इथल्या भाषेत सरी, म्हणजे बरं, म्हणतो आणि टेप टाकतोच. ह्याची आई मात्र चिडवायची, बोहल्यावर नवरीलासुद्धा तीस घालून बघशील, मग माळ घालशील. तो म्हणायचा, बघेन की.

मग कावीळ झाली. इस्पितळातून त्यानं मला ऑफिसात पाठवलं. निरोप एवढाच, की माझं काम चालवाल तर आधी गठ्ठ्याला विचारा. गोपीनाथ, तू त्याच्या शेजारच्या टेबलाचा, तुलाच मी सांगितलं. तू म्हणालास, अण्णा, यंत्र आम्हाला स्वल्प वेळच मिळतं, तपासत कुठं बसणार. चहा पाजलास. तुझ्यावर राग नाही.

तुम्ही कपाटातला गठ्ठा तसाच जोडलात. आकडे वेडेवाकडे आले. ते मधूच्या कानावर गेलं. त्यानं एवढंच विचारलं, "आधी विचारलं होतं का त्यांनी?"

मी म्हणालो, नाही रे.

तो भिंतीकडं वळला. परत वळला नाही.

आता ऐकतो, कार्डं उद्या रद्दीत जाणार. मधूचं काम चुकीचं होतं म्हणे, दुसरा कोणी नव्यानं लिहील. कुलकर्णी साहेब, ऑफिस तुमच्या हाताखाली, आणि तुम्ही बेळगावचे, माझं मराठी तुम्हाला कळतं. हारात माझा मुलगा हुशार आणि कपाटात तो चुकलेला, असं कसं?

असेलही चुकलेला. मी काय सांगणार? शपथ घेऊन सांगू शकत नाही. त्याची आई मला विचारते, तुम्हाला खरं काय वाटतं? मी दुकानात निघून जातो. साहेब, मला रडारड नको, ठराव नको, फोटो नको. यंत्र एकदा लावा. गठ्ठ्याला विचारा, मग त्याची कार्डं घाला. मग म्हणा चूक. मी मान खाली घालून ऐकेन. पण न विचारता म्हणू नका. दुसरा मुलगा नाही मला. त्याचं दुसरं कामही नाही.

आता उठा सगळे. दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. बाकीच्यांनी मधूला आठवा. साहेब, तुम्ही उद्याचं ठरवा. सगळे डोळे मिटतील. मी मिटणार नाही. तुमच्याकडं बघत उभा राहीन.