उरलेली बाही

(लोकरीच्या दुकानामागची खोली. दुपार कलली आहे. दुकान चालवणाऱ्या बाईंना विणकामाच्या गटातल्या सगळ्याजणी ताई म्हणतात. समोर बसलेल्या बाईला चिमणी म्हणतात, ती लहानखुरी आहे म्हणून.)

चिमणी: वरच्या फळीवर बघ ना. उजवीकडच्या पिशवीत.

ताई: तिथे बाळांच्या लोकरी आहेत. हा हिरवा रंग कंपनीनं बंद केला, मघाशीच सांगितलं तुला. जवळपास असाच दुसरा दाखवते. एका बाहीत कोणाला कळणार आहे?

चिमणी: मला कळेल. आणि पिशवीवर तू माझं नाव लिहिलंयस, ते इथून दिसतंय.

ताई: बरं, काढते. तू हे स्वेटर सुरू केलंस तेव्हाच मी ताडलं होतं की तुला लोकर कमी पडणार. तुझ्या चष्मेवाल्या नवऱ्याचे हात लांब. म्हणून ह्याच लोकरीचे दोन गुंडे बाजूला ठेवले होते.

चिमणी: मग नाही असं का म्हणालीस?

ताई: गुंडे दिले की तू लगेच उठून जाशील, की बसशील, ते कळेना. मला दोन्हीची भीती वाटली.

चिमणी: बसते. पाणी दे.

ताई: चहा टाकते की.

चिमणी: पाणीच दे. इथल्या खुर्च्या कुठे गेल्या?

ताई: माळ्यावर टाकल्या. यंदा कोण बसणार आहे इथं? थंडी पडली की दर शुक्रवारी ह्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. कोणाची सुई कोणाच्या कोपराला लागायची, त्यावरून भांडणं व्हायची. आता सगळ्या डॉक्टरीणबाईंकडे जमतात. सोफे आहेत म्हणे. लोकर नेतात माझ्याकडूनच, पण दारातून. ती पोस्टातली तर पायरीही चढत नाही. फुटपाथवरून बोट दाखवते आणि मी गुंडे बाहेर नेऊन देते.

चिमणी: मी गेले होते एकदा डॉक्टरीणबाईंकडे.

ताई: कळलं मला.

चिमणी: मी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांचा आवाज बंद. मग एकीनं उठून माझ्या पाठीला उशी लावली. मी काय बाळंतीण आहे? वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारच्या भेटींसाठी चिठ्ठ्या काढत होत्या, कोणी कोणासाठी काय विणायचं त्याच्या. ते वाडगं माझ्या पुढून सरळ निघून गेलं. विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंदा तुला काही करायचं नाही, तू फक्त यायचं आणि बसायचं. आणि नंतर एकेकीनं घरी येऊन मला काहीबाही दिलं. शाल, मोजे, मफलर, गुडघ्यांना घालायचं काहीतरी. सगळं राखाडी.

ताई: राखाडी संपलीच माझ्याकडची. मला वाटलं, फॅशन आली.

चिमणी: हसवू नको, ताई.

ताई: नाही हसवत. तोंडातून गेलं.

चिमणी: ह्यांची खुर्ची भरलीये त्या राखाडीनं. ते सगळं उचलून ठेवायचा धीर होत नाही, आणि बघवतही नाही. सगळ्याजणी माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला कोणी काही देऊ देत नाही, नुसत्या देत राहतात. मला घाबरणारी तू एकटीच. म्हणून इथं आले.

ताई: घाबरू नको तर काय करू? दुसऱ्याच दिवशी तुझ्या दारात आले होते, तर तुझा भाऊ उंबऱ्यात उभा. तोही काही वाईट बोलला नाही. म्हणाला, आत्ता नको. डबा पाठवला, तो तसाच्या तसा परत आला, झाकणही निघालेलं नव्हतं. त्यानंतर मी तुझ्या गल्लीतून जायचं सोडून दिलं. बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाते. माझ्या मुलाच्या गाडीखाली तुझा नवरा गेला, चिमणे. हे वाक्य आजवर मी कोणाजवळ बोलले नव्हते.

चिमणी: आज बोललीस.

ताई: हो.

चिमणी: डबा आला होता हे मला माहीत नव्हतं.

ताई: जाऊ दे. ही बाही कोणासाठी पुरी करतेयस? दिराला देणार?

चिमणी: दिराच्या पोटावर नाही बसणार ते. कोणाला देणार नाही. अर्धं बघवत नाही म्हणून पुरं करायचं. पण सुया हातात घेतल्या की टाकेच मोजता येत नाहीत. मधेच एक गोष्ट आडवी येते, आणि ती मला तुझ्या मुलाला विचारायची आहे.

ताई: तो झोपलाय.

चिमणी: वर पावलं वाजतायत.

ताई: वाजतात. दिवसभर वाजतात. खिडकीपासून दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. पार्सलची गाडी चालवायचं सोडलं ते सोडलंच. कंपनीनं बोलावलं होतं परत, गेला नाही. माझ्या लोकरीच्या लडी सोडवून गुंडे करून देतो, तेवढंच काम. जेवायला बोलवावं लागतं.

चिमणी: एकच प्रश्न आहे.

ताई: बाई, तुला हात जोडते. वकिलांनी बजावून सांगितलंय, केस संपेपर्यंत तुमच्याकडच्या कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. खांबावरचा दिवा बंद होता, काका अंधारातून रस्त्यावर आले, एवढंच सांगायचं. तो सत्तावीस वर्षांचा आहे. आत गेला तर बाहेर येणारा मुलगा हाच असेल का, सांग मला.

चिमणी: केसचं मला काही नको आहे. ते माझा भाऊ बघतोय, कोर्ट बघेल. मला त्या अर्ध्या तासाचं विचारायचंय.

ताई: कुठला अर्धा तास?

चिमणी: अँब्युलन्स येईपर्यंतचा. पोलिसांनी सांगितलं की ड्रायव्हर पळून गेला नाही, ह्यांच्याजवळ बसून होता, आणि हे शुद्धीवर होते. ह्यांचा फोन धड होता, काचेला साधा ओरखडाही नाही. उघडला की वर माझंच नाव यायचं. ताई, त्या अर्ध्या तासात मी घरी बसले होते. स्वयंपाक करून दोन ताटं घेतली होती. बातम्या लागल्या होत्या. कोपऱ्यावरून हाक मारली असती तरी धावत आले असते. फोन आला तो हॉस्पिटलमधून, आणि मी पोचले तेव्हा चादर वर ओढून झाली होती. तुझा मुलगा लहानपणी ह्याच खोलीत माझ्या मांडीवर झोपायचा. त्याला माझा नंबर तोंडपाठ आहे. त्यानं मला का बोलावलं नाही?

ताई: घाबरला असेल.

चिमणी: तुझं उत्तर नको. त्याचं पाहिजे.

ताई: मी विचारलं नाही असं वाटतं तुला? विचारलं. दोनदा विचारलं. उठून वर गेला. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

चिमणी: पावलं थांबली.

ताई: थांबतात मधे मधे.

चिमणी: जिन्यावर आहे तो.

ताई: अरे, तू वर जा. तुला कोणी बोलावलं? दुकानात गिऱ्हाईक आहे.

मुलगा: ऐकलं मी, आई.

ताई: काय ऐकलंस ते वर जाऊन ऐक. वकिलांनी काय सांगितलंय?

मुलगा: मावशी, मी फोन काढला होता.

ताई: तू गप्प बस.

मुलगा: काकांच्या खिशातून काढला होता. तुमचं नाव समोर आलं. मी दाबणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. म्हणाले, तिला आत्ता करू नको.

चिमणी: का?

मुलगा: म्हणाले, ती गाडीवर असेल. ही तिची कामावरून यायची वेळ. अंधारात समोरून दिवे आले की तिला दिसत नाही, मी तपासलेत तिचे डोळे, आणि फोन वाजला की ती थांबत नाही, तशीच उचलते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. म्हणाले, तिला घरी पोचू दे, मग कर.

चिमणी: असं म्हणाले?

मुलगा: ह्याच शब्दांत. नंतर पुन्हा विचारलं, किती वाजले. मी सांगितलं. म्हणाले, अजून पुलावर असेल. मनगट सोडलं नाही त्यांनी. पंधराएक मिनिटांनी बोलायचं थांबले.

चिमणी: मग?

मुलगा: मग हात सुटला. त्यानंतर मी करू शकलो असतो. तुम्ही पोचल्या असाल हे मला कळत होतं. फोन हातातच होता. तुम्ही हॅलो म्हणाल आणि मी काय बोलायचं, तेच सुचलं नाही. शेवटी अँब्युलन्सवाल्यानं येऊन माझ्या हातातून फोन घेतला. बस, एवढंच आहे. पहिला अर्धा भाग काकांचा, दुसरा माझा.

ताई: हे मला का नाही सांगितलंस?

मुलगा: त्यांनी हे मावशींसाठी सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला आधी कसं सांगू?

चिमणी: ताई, ते पाणी.

ताई: हे घे. हळू पी. पदर ओला होतोय.

चिमणी: माझी गाडी गॅरेजमध्ये होती त्या दिवशी.

ताई: काय म्हणालीस?

चिमणी: ब्रेक लागत नव्हते. सकाळी हेच टाकून आले गॅरेजमध्ये. मला म्हणाले, आज बसनं ये. बस पकडायची म्हणून कामावरून लवकर निघाले, ह्या वेळेला घरी होते. फोन ताटाशेजारी होता. वाजला असता तर उचलला असता.

मुलगा: मला माहीत नव्हतं.

चिमणी: तुला कुठून माहीत असणार? त्यांनाच आठवलं नाही. स्वतःच्या हातांनी टाकून आलेले. इतके महिने मी तुझ्यावर दात धरून होते. मनात रोज तुला विचारत होते. आता कोणावर धरू?

ताई: तू रडून घे, बाई. मी शटर ओढते.

चिमणी: ओढू नको. रडू येत नाहीये. राग येतोय, तो ह्यांचाच येतोय. मरताना माणसानं बायकोला बोलवावं. हे माझे डोळे तपासत बसले.

मुलगा: मावशी, अजून एक आहे.

ताई: नाही. अजून काही नाही.

मुलगा: दिवा बंद होता हे खरं आहे. पण मी वेगात होतो. पार्सलं उरली होती आणि मला संपवून घरी यायचं होतं. दिवा चालू असता तरी मला गाडी आवरली असती असं वाटत नाही.

ताई: अरे, काय केलंस हे? कोणासमोर बोलतोयस तू? चिमणे, ह्याला धड जेवण नाही, झोप नाही. काय बोलतो ते ह्याला कळत नाही. तू हे ऐकलं नाहीस. तुझ्या पाया पडते.

चिमणी: ऊठ, ताई. खाली नको बसू. हे मी त्याला विचारलं नव्हतं.

मुलगा: माहीत आहे.

चिमणी: मग का सांगितलंस? मी एक गोष्ट न्यायला आले होते, तू दुसरीही गळ्यात बांधलीस. भाऊ रोज विचारतो, काही कळलं का. मला खोटं बोलता येत नाही. कोर्टात विचारलं तर सांगावं लागेल.

मुलगा: सांगा. तुम्ही नाही सांगितलं तरी मी सांगणार आहे. वकिलांना अजून बोललो नाही. आधी आईला सांगायचं होतं, तेच जमत नव्हतं.

ताई: आईला असं सांगतात होय?

मुलगा: दुसरं कसं सांगू, आई?

चिमणी: वर जा आता तू. आणि काहीतरी खा. तुझ्याकडे बघवत नाही.

मुलगा: जातो.

चिमणी: थांब. त्यांना फार दुखत होतं का?

मुलगा: थंडी वाजते म्हणाले. मी माझं जॅकेट घातलं होतं त्यांच्या अंगावर.

चिमणी: बरं केलंस. जा.

ताई: तुझी माफी मागू, की तुला शिव्या देऊ? आज दुपारी तू आली नसतीस तर हा गप्प राहिला असता.

चिमणी: किती दिवस? पावलं तू ऐकतेस, मी नाही.

ताई: तो आत जाईल.

चिमणी: जाईल कदाचित. मला ते बरं वाटेल असं समजू नको. वाईट वाटेल असंही आज सांगता येत नाही. मला काहीच कळत नाहीये.

ताई: लोकरीचे पैसे काढू नको. एवढं तरी नको करू.

चिमणी: नाही काढत. पिशवी दे. मी निघते, बाहेर काळोख व्हायला लागला.

ताई: चालत जाणार?

चिमणी: हो.

ताई: मी कोपऱ्यापर्यंत येते.

चिमणी: नको.

ताई: तुझ्या दारापर्यंत नाही येत. कोपऱ्यापर्यंतच.

चिमणी: बरं, चल. पण वाटेत काही बोलू नको.