दाढेत अडकलेली कादंबरी

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाचं तोंड तुम्हीच कापसाने भरलंय, वर एक नळी अडकवलीय, ती फुर्रफुर्र करत लाळ ओढतेय, जीभ कुठल्या कुठे झोपून गेलीय, त्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारताच कशाला? आणि प्रश्न तरी कसला? दुखतंय का, गार लागतंय का, हे मी समजू शकतो, त्याला मान हलवता येते. आमच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "परग्रहावरच्या पुरुषाला एका हाताला किती कोपरं असावीत, तुम्हाला काय वाटतं?" आता मला वाटायला काय, पुष्कळ वाटतं. पण माझ्या तोंडात कापूस.

तुम्हाला सांगतो, मी काही मुखदुर्बळ माणूस नाही. बावीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करतोय. माइक हातात आला की समोर हजार माणसं असोत नाहीतर एक झोपलेलं कुत्रं, माझा सूर तोच. आमची ही म्हणते, "अहो, तुम्ही झोपेतसुद्धा 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणता, आणि वर दोनदा म्हणता." असा माणूस मी. तर माझी उजवीकडची खालची दाढ किडली, ठणका लागला, ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं, त्या बाईंकडे जा, हात इतका हलका की सुई कधी गेली कळतसुद्धा नाही. खरंय ते. हात हलकाच आहे. तोंडाचं कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या बैठकीला त्यांनी भूल दिली, कापूस कोंबला, दिवा डोळ्यावर आणला आणि म्हणाल्या, "तुम्ही वाचता का?" मी म्हणालो, "आँ." म्हणजे मला म्हणायचं होतं, वेळापत्रक सोडून काही वाचत नाही. त्या म्हणाल्या, "वाटलंच मला, चेहऱ्यावरून कळतं." आणि मग सुरू. बाई कादंबऱ्या लिहितात. कसल्या? तर प्रेमाच्या, पण अंतराळातल्या, आणि त्याही विनोदी. दोन छापून झाल्यात. पहिलीच्या प्रती दवाखान्यातल्या बाकाच्या एका पायाखाली आहेत, बाक हलत होता म्हणून. दुसरीच्या कुठे आहेत ते मी विचारलं नाही. कसं विचारणार, माझ्या तोंडात कापूस.

आता तिसरी चालू होती. ऐका हं, मी आपलं मला सांगितलं तसं सांगतो. अंतराळात मधेच कुठेतरी एक थांबा आहे, यानं येतात, तेल-पाणी भरतात, जातात. तिथे एका बाईचं इस्त्रीचं दुकान. अंतराळवीरांचे पोशाख ती धुऊन, कडक इस्त्री करून देते. आणि एक दिवस तिच्या दुकानात लांबच्या ग्रहावरून एक जण येतो. अंगाने हिरवट, एकेका हाताला दोन-दोन कोपरं, बाकी माणूस सज्जन. पण त्याची भानगड अशी की त्याचं यान इतकं जोरात आलं, इतकं जोरात आलं, की तो पोचला आणि त्याचा आवाज मागे राहिला. आवाज येतो, नाही असं नाही, पण अकरा मिनिटं उशिरा येतो. म्हणजे ती विचारते, "खळ घालू का?" आणि हा नुसता तोंड हलवून निघून जातो. ती म्हणते, काय आखडू माणूस आहे. आणि अकरा मिनिटांनी रिकाम्या दुकानात हवेतून आवाज येतो, "घाला, पण कॉलरला नको."

मी हसलो. तुम्हाला सांगतो, खरंच हसलो. तोंडात एवढं मोठं यंत्र फिरत असताना कुणी हसतं का? बाईंचा हात थांबला. "हसलात तुम्ही?" त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. पन्नाशीच्या बाई, पण त्या क्षणाला परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारख्या दिसल्या. "या वाक्याला आजपर्यंत कुणी हसलं नव्हतं," म्हणाल्या. "आमचे हे विज्ञान शिकवतात. म्हणाले, आवाज असा मागे राहत नाही. आणि आमच्या वन्सं..."

वन्सं म्हणजे बाहेर टेबलाशी बसून नंबर देतात त्या. बाईंची नणंद. त्यांनी तेवढ्यात दार उघडलंच. "वहिनी, त्या हिरव्याला आता जाऊ द्या. बाहेर चार जण सुजून बसलेत."

तर अशा चार बैठका. दुसऱ्या बैठकीला कळलं की दुकानात एक इस्त्री करणारा यंत्रमानव आहे आणि तोही मालकिणीवर मरतो. हा हिरवट आला की तो आतून तापतो आणि नेमकी त्याचीच विजार जाळतो. तिसऱ्या बैठकीला तर कहर. ती बाई आदल्या रात्रभर आरशासमोर सराव करून, धीर एकवटून त्याला विचारते, "माझ्याशी लग्न करशील?" आणि त्याच क्षणाला, बरोबर त्याच क्षणाला, त्याचं अकरा मिनिटांपूर्वीचं खळीबद्दलचं उत्तर येऊन पोचतं, "नको, इतकं कडक मला टोचतं."

ती काय समजायची ते समजली. डोळे पुसत दुकान बंद करून निघून गेली. तो बिचारा तिच्यामागे धावला. आणि अकरा मिनिटांनी बंद दुकानात त्याचं खरं उत्तर आलं. ते ऐकलं कुणी? यंत्रमानवाने. आणि तो गप्प बसला.

"उत्तर काय आलं असेल?" बाईंनी मला विचारलं. अहो, काय आलं असेल म्हणून मला काय विचारता, तुम्ही सांगा ना... पण माझ्या तोंडात कापूस. "बरोबर," बाई म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं. पुढच्या बुधवारी."

बुधवारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती, ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "मग? त्याने सांगितलं का तिला?" मी म्हटलं, "कोणी?" ही म्हणाली, "यंत्रमानवाने हो." म्हणजे बघा, एका दाढेपायी घरातली दोन माणसं अडकली. बुधवारी गेलो. बाईंनी दाढेवर कॅप बसवली, चावून दाखवायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "झालं. आता सहा महिन्यांनी या."

सहा महिने? तिकडे यंत्रमानव उत्तर पोटात घेऊन बसलाय आणि सहा महिने?

मी म्हणालो, "बाई, डावीकडचीही दुखतेय."

हे मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी आरसा घालून पाहिलं, फोटो काढला, फोटो उजेडात धरला. "मला तर काही दिसत नाही," म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणताय तर..." आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद आला म्हणून सांगू. चांगल्या दाढेला भोक पाडून घेतलंय मी, चांगल्या दाढेला. आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नसेल.

आता पाचव्या बैठकीचं ऐका, कारण घोळ तिथे झाला. बाईंचा चेहरा उतरलेला. भूल देता देता म्हणाल्या, "शेवट ठरवलाय मी. तो परत जाणार. त्याच्या ग्रहावरून बोलावणं येतं, तो यानात बसतो आणि जातो. संपलं. आमचे हे म्हणतात विज्ञान चुकीचं, वन्सं म्हणतात कपड्यांचं दुकान कशाला, दाताचं तरी दाखवायचं. ही तिसरी वही भरली की मी लिहिणं बंद करणार आहे. दात बरे. निदान ते दुखतात तरी."

मी ओरडलो, "आँ आँ आँ." म्हणजे, बाई असं करू नका, तो बिचारा बोललाय, फक्त पोचायचं राहिलंय, ती काय जन्मभर गैरसमज घेऊन विजारी इस्त्री करणार का? त्या म्हणाल्या, "दुखतंय का?" आणि अजून एक इंजेक्शन दिलं. मी आणखी जोरात, "आँ आँ." अजून एक. मी हात हलवायला लागलो तर म्हणाल्या, "फारच हळवी दाढ दिसते," आणि चौथं दिलं. मला सांगा, माणसाने साहित्याविषयी मत मांडावं तरी कसं?

तिथून थेट कामावर. गाल पिशवीसारखा लोंबतोय, ओठ माझे आहेत की शेजाऱ्याचे पत्ता नाही. रजा टाकायला हवी होती, मान्य. पण बावीस वर्षांत एकदा टाकली नाही, आणि वाटलं, एका घोषणेपुरतं काय होतंय. तर मला म्हणायचं होतं, गाडी फलाट पाचवर लागली आहे. आता ओठ मिटत नसले की 'प' येत नाही. 'फ' पण येत नाही. माइकमधून गेलं, "गाडी हलाट हाचवर लागली आहे."

हाच. झालं. एक नंबरच्या फलाटावरच्या लोकांना वाटलं हाच, तीन नंबरच्यांना वाटलं हाच, सात नंबरवरचे धावतच सुटले, जो तो आपल्यासमोरच्या गाडीत चढला. आणि मी शिस्तीचा माणूस, तेच दोनदा म्हटलं. पाच मिनिटांत स्थानक रिकामं. मुलींचा एक व्हॉलीबॉल संघ डोळे तपासणीच्या शिबिरात जाऊन उतरला. त्या शिबिराला निघालेले म्हातारे व्हॉलीबॉलच्या मैदानावर पोचले, आणि ऐकलंत तर विश्वास नाही बसणार, तिथल्या पंचाने त्यांना दोन सेट खेळवले. एक सेट जिंकले ते.

आगारप्रमुखांनी बोलावलं. "हे काय आहे?" मी म्हणालो, "आँ." पुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी माझा माइक काढून घेतला आणि मला हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. तिथे छत्र्या असतात. छत्र्यांना कसली घोषणा करणार?

दोन दिवस त्या छत्र्यांमध्ये बसलो आणि तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. म्हटलं, माइक गेला तो गेला, पण या बाईला एकदा कापसाशिवाय सांगायचंच. नंबर न घेता गेलो. वन्सं म्हणाल्या, "अहो, आत पेशंट आहे." मी थेट आत. बाई पाठमोऱ्या, खुर्चीतल्या एका गृहस्थाच्या तोंडात पार मनगटापर्यंत. आणि मी त्यांच्या मागे उभा राहिलो. नुसता उभा. तोंड मोकळं, जीभ जागी, ओठ माझे मला सापडलेले, सगळं पाठ करून आलेलो, आणि आवाज फुटेना. का? कारण मला एकदम दिसलं की त्या खुर्चीतल्या गृहस्थाला त्या काहीच सांगत नव्हत्या. खाली मान घालून गप्प काम चाललेलं. इतकी शांत खोली मी तिथे कधी पाहिली नव्हती. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. त्या मागे वळल्या आणि हातातला आरसा खाली पडला.

"तुम्ही कधीपासून उभे आहात?"

मी म्हणालो, "बराच वेळ झाला. बाई, त्याला पाठवू नका."

"तुमचा आवाज असा आहे होय?" म्हणाल्या. "मला वाटायचं जरा जाड असेल."

मग मी बोललो. चाळीस मिनिटं बोललो. यंत्रमानवाचं बोललो, खळीचं बोललो, आमची ही भाजीची जुडी खाली ठेवते ते बोललो. खुर्चीतले गृहस्थ मधेमधे "आँ" म्हणत होते. त्यांना काय म्हणायचंय ते मला बरोबर समजत होतं. दारात वन्सं येऊन उभ्या राहिल्या आणि, मोठी गोष्ट आहे ही, मधे काही बोलल्या नाहीत. फक्त शेवटी म्हणाल्या, "त्या यंत्रमानवाला मात्र काहीतरी शिक्षा करा हं वहिनी." बाईंनी मला विचारलं, "तुम्ही असं मागे येऊन उभे होतात, हाक का नाही मारलीत?" मी म्हणालो, "नाही फुटला आवाज." त्यांनी हातमोजे काढले, टेबलावरचा माझाच केसपेपर उलटा केला आणि त्यावर लिहायला बसल्या.

आठ महिन्यांनी पुस्तक आलं. छत्र्यांच्या खिडकीत बसून वाचलं मी ते, एक माणूस आपली काळी छत्री मागत होता, त्याला मी कुठलीतरी देऊन टाकली. शेवट सांगतो. यान सुटतं. ती बाई फलाटावर उभी, यान ठिपका होईपर्यंत बघतेय. ती शेवटचं विचारून बसलेली असते, "थांबशील?" आणि त्याने नुसतं तोंड हलवलेलं असतं. ती तिथून हलत नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा. आणि अकराव्या मिनिटाला हवेतून आवाज येतो, "यानातून मी मागच्या दाराने उतरेन. हे ऐकशील तेव्हा केव्हाचा तुझ्या मागे उभा असेन. वळून तर बघ."

आमची ही रडली. रडता रडता हसली आणि म्हणाली, "खांद्यावर हात ठेवायला काय झालं होतं त्याला, चार कोपरं आहेत ना?" बाईंना हेच विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्या ग्रहावर ते असभ्य समजतात." पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. बाईंच्या ह्यांनी एका पानावर विज्ञान तपासून दिलं म्हणे. यंत्रमानवाला वन्संनी स्वतः सुचवलेली शिक्षा झाली, जन्मभर फक्त मोजे.

माझा माइक काही परत मिळाला नाही. तिथे आता एक यंत्र बसवलंय, त्याला 'प' नीट म्हणता येतो.

तर परवा मी गेलो दवाखान्यात. नुसतं सांगायला की बाई, फार छान झालंय. दात ठणठणीत आहेत माझे, देवाची शप्पथ. आत शिरायच्या आधीच आतून बाईंचा आवाज आला, "आलात का? बरं झालं. त्या दोघांना मूल होणार आहे, आणि त्याचा आवाज अकरा मिनिटं आधी येतो. अजून तीन भाग तरी होतील." वन्संनी न विचारता माझा केसपेपर काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "कोणता दात दुखतोय म्हणून लिहू?"

मी म्हणालो, "अजून तीन भाग आहेत म्हणे. ज्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात, तो लिहा."