तीन वेळा पुकारा

(ठाणे, १९५६. एका शाळेच्या इमारतीत नव्यानेच सुरू झालेला कायद्याचा वर्ग. पहिल्या दिवसाची हजेरी नुकतीच संपली आहे. प्राचार्य केळशीकर, निवृत्त न्यायाधीश, यांची खोली. शेजारी त्यांनी कोर्टातून सोबत आणलेला पट्टेवाला काळुराम. समोर विद्यार्थिनी जोसेफिन.)

केळशीकर : म्हणजे तीन वेळा पुकारा झाला आणि तुम्ही पहिल्या बाकावर बसून होतात.

जोसेफिन : हो सर.

केळशीकर : कानांना काही त्रास?

जोसेफिन : नाही सर. सगळं नीट ऐकू येत होतं.

केळशीकर : मग हजर का म्हणाला नाहीत?

जोसेफिन : माझं नाव घेतलंच नाही.

केळशीकर : काळुराम, बाईंचं नाव घेतलंस ना?

काळुराम : घेतलं साहेब. तीनदा. दाराकडं तोंड करून, कोर्टात घ्यायचो तसं. तीस वर्षं पुकारा केला, एकाचं नाव सुटलं नाही.

केळशीकर : काय घेतलंस?

काळुराम : जोशीबेन सुलेस्तान मिस्कीन.

जोसेफिन : माझं नाव जोसेफिन सेलेस्टीन मिस्किटा.

काळुराम : तेच की.

केळशीकर : वर्गात त्रेचाळीस माणसं, त्यांत बाई एकच. थोडा अंदाज करायला हरकत नव्हती.

जोसेफिन : मला वाटलं, कायद्यात अंदाजाने हजर म्हणत नसतील.

केळशीकर : हे पाहा, नियम मी सर्वांना आधीच कळवला आहे. पहिल्या दिवशी जो गैरहजर, त्याची जागा गेली. मामलेदारांचे मेहुणे त्या जागेसाठी बाहेर बसले आहेत.

काळुराम : दोघं बसलेत साहेब. मेहुणे खुर्चीवर, आणि एक म्हातारबा व्हरांड्याच्या पायरीवर.

जोसेफिन : ते माझे बाबा. माजिवड्याहून मला सोडायला आलेले.

काळुराम : मी म्हटलं, वर या, बाकडं आहे. तर म्हणाले, इथून सगळं ऐकू येतं, बरं आहे.

केळशीकर : नियमाला वडील नसतात. अहो, या वर्गासाठी माणसं कुठून कुठून आली आहेत. डोंबिवलीचे कारकूनच नऊ आहेत, नऊही जणांची बढती साहेबानं अडवलेली. मोहने गावच्या कारखान्यातला हजेरीमास्तर आहे, त्याला मालक आणि कामगार दोघेही रोज कायदा दाखवतात. खडवलीचे जमीनदार आहेत, आणि त्यांच्याच कुळाचा मुलगाही आहे.

काळुराम : एका बाकावर बसलेत. मधे छत्री आडवी ठेवलीये, बांधासारखी.

केळशीकर : कुळकायदा आला आणि दोघांचाही आपापल्या वकिलावरचा विश्वास उडाला. कल्याणचे एक पेन्शनर आहेत. त्यांचा भाऊबंदकीचा दावा एकतीस सालापासून चालू आहे. दोन वकील वारले, म्हणून आता स्वतःच उभे राहणार म्हणतात.

काळुराम : आणि ते कीर्तनकार.

केळशीकर : ते चुकून आले. त्यांना वाटलं, धर्मशास्त्राचा वर्ग आहे. पण आलोच आहे तर बसतो म्हणाले. सांगायचा मुद्दा, प्रत्येकाला काही ना काही कारण आहे. तुम्हाला मुलाखतीत विचारलं, शाळेत चांगली नोकरी आहे, कायदा कशाला? तर म्हणालात, एक गोष्ट समजून घ्यायची आहे. कोणती ते सांगितलं नाहीत.

जोसेफिन : आता सांगते. अडतीस साली तुमच्यासमोर आमचा दावा होता. खाडीकडेला आमचं भाताचं शेत. शेजारच्या मिठागरवाल्याने बांध फोडून खारं पाणी आत घेतलं, मिठाचे वाफे पाडले आणि म्हणाला, हे माझंच. बाबांनी दावा लावला.

केळशीकर : अडतीस साली माझ्यापुढे पुष्कळ दावे होते.

जोसेफिन : हा लवकर संपला. तारखेला बाबा सकाळपासून कोर्टाच्या पायरीवर बसलेले. मी शेजारी, दहा वर्षांची. वकील पलीकडच्या कोर्टात गेलेले. जाताना सांगून गेले, नाव पुकारलं की हजर म्हणायचं आणि पोरीला माझ्याकडे पळवायचं. बाबा आठवडाभर सराव करत होते. म्हशीला चारा घालताना सुद्धा, हजर साहेब, हजर साहेब.

काळुराम : मग?

जोसेफिन : मग तुम्ही बाहेर आलात आणि सुलेस्तान मिस्कीन म्हणून ओरडलात. तीन वेळा. बाबा मला म्हणाले, "मिस्कीन म्हंजे कोन तरी फकीर दिसते गो. बिचाऱ्याचा दावा जानार."

काळुराम : मी होतो तो?

जोसेफिन : तुम्हीच. संध्याकाळी कोर्ट उठलं तेव्हा कळलं, फकीर आम्हीच.

केळशीकर : अशा वेळी पुन्हा अर्ज करता येतो. गैरहजेरीला पुरेसं कारण दाखवलं की दावा परत चालवतात.

जोसेफिन : केलेला सर. तुम्ही नामंजूर केलात. म्हणालात, तीन वेळा पुकारा झाला आहे, वादी खरोखर पायरीवर असता तर त्याला ऐकू आलं असतं.

केळशीकर : तसं मी म्हणालो असेन.

जोसेफिन : आणि बाबांना ते पटलं. एवढा मोठा साहेब खोटं कशाला बोलेल? अठरा वर्षं त्यांना वाटतंय की त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांना डुलकी लागली. मी सांगून सांगून थकले. तू पोर होतीस, तुला काय कळतंय, म्हणतात. शेत गेलं त्याचं एवढं नाही, सर. पण ते स्वतःला दोष देतात ना, त्याचा मला फार राग येतो.

केळशीकर : म्हणून आज मुद्दाम गप्प बसलात.

जोसेफिन : नाही हो. हजर म्हणायला म्हणून तर पहिल्या बाकावर बसलेले. पण यांनी सुलेस्तान म्हटलं, तोच आवाज, आणि माझं तोंडच उघडेना.

केळशीकर : काळुराम, तू हे नाव असं का वाचतोस?

काळुराम : साहेब, तिथं कारकुनाचं मोडी अक्षर होतं, इथं तुमचं. मोडी लिहिणारा लेखणी उचलत नाही, अक्षरात अक्षर गुंततं. वाचताना जे लागेल ते घ्यायचं. आपल्यातला माणूस असला की कसंही वाचलं तरी ओ देतो. ह्यांची नावं कुठं आपल्या तोंडातली? आजवर कुणी तक्रार केली नाही.

जोसेफिन : तक्रार करायला हजर असावं लागतं.

केळशीकर : यादी दे इकडे. माझंच अक्षर. मलाही सुलेस्तानच लागतंय.

काळुराम : बघा.

केळशीकर : बाई, शेताचं आता काही होणार नाही. मुदत केव्हाच गेली.

जोसेफिन : ठाऊक आहे सर. मला या वर्गातली माझी जागा हवी. तेवढीच.

केळशीकर : नियम असा, की पुकारा नीट झाला पाहिजे. तो झालेला नाही. सबब तो पुन्हा करावा लागेल. हे मला अडतीस साली सुचायला हवं होतं. काळुराम, बाईंकडून नाव शिकून घे.

जोसेफिन : से-ले-स्टीन.

काळुराम : सेलेस... तान.

जोसेफिन : टीन. घासलेटचं टीन असतं ना, ते.

काळुराम : टीन होय? मग आधी नाही का सांगायचं. सेलेस्टीन.

जोसेफिन : मिस्किटा.

काळुराम : मिस्किटा. आणि तुमचं जोसेफिन. येतंय की.

केळशीकर : आता दाराशी जा. रीतीप्रमाणे पुकार, मोठ्याने.

काळुराम : जोसेफिन सेलेस्टीन मिस्किटा हजर आहे?

जोसेफिन : हजर.

व्हरांड्यातून : हजर, साहेब.

काळुराम : साहेब, म्हातारबा उठून उभे राहिलेत. टोपी हातात घेऊन.

केळशीकर : दिसतात मला. मेहुण्यांना सांग, जागा भरली.

काळुराम : सांगतो. पण हजेऱ्या दोन आल्या. म्हातारबांची कुठं लावू? यादीत नाव नाही त्यांचं.

केळशीकर : आहे. मुलीच्या नावात आहे. लाव तिथेच. आणि उशिरा आले असं लिहू नकोस.