उसना गडी

सोमवारी सकाळी पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे नेव्हिल उभा होता, डोक्यावर बेसबॉल क्लबची निळी टोपी. त्याच्या पुढे उभी असलेली त्याची शेजारीण, ड्यूल्सी, मागे वळली.

“काय रे, कालही हरलात म्हणे?”

“एका धावेनं. तीन वर्षांपूर्वी बावीसनं हरायचो, विसरलीस?”

“तेव्हा नऊ माणसं तरी होती का तुमच्याकडे?”

“सात! दर रविवारी समोरच्यांकडून दोन गडी उसने घ्यायचो. आता पंधरा आहेत, बाई. काल शेफील्डवाल्यांना एक कमी पडला, तर आम्ही दिला.”

“अरे वा, दानशूर! कोणाला दिलात?”

“मला.”

“ओळखून आहेत तुला.”

“पुढचं ऐक तरी. शेवटचा डाव, सामना बरोबरीत आणि बॅट माझ्या हातात. चेंडू टाकणारा आमचा ओवेन मला बघून हसला.”

“हसणारच. चार वर्षांत तुझी बॅट चेंडूला लागली होती का कधी?”

“काल लागली! चेंडू थेट कुंपणापलीकडे, बदकांच्या तळ्यात.”

“म्हणजे आपल्याच क्लबला हरवलंस? अरे मेल्या! हाकललं असेल तुला.”

“हाकलतायत कसले! ओवेननं गुडघाभर पाण्यात उतरून चेंडू काढून दिला. सगळ्यांनी सह्या केल्यात त्यावर.”

“आणि या पुडक्यात काय?”

“शेफील्डवाल्यांचा सदरा. परत पाठवायचाय.”

“धुतलास ना नीट?”

“धुतला की. आधी आरशासमोर दोनदा घालून बघितला, मग धुतला.”